हिशेबात न बसणारी गाय

दाभोळ म्हटले की बाहेरच्या माणसाला जुने बंदर आठवते, नाही तर खाडीपलीकडचा वीजप्रकल्प. परंतु दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील एका गायीने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात घर केले आहे. पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या 'श्यामची आई'तील नववी रात्र 'मोरी गाये'ची आहे. श्यामच्या आईवाचून ही मोरी कोणाला धार काढू देत नसे. पुढे गावात पायलागाची साथ आली आणि मोरी गेली.

मोरी काही जगावेगळी नव्हती. दाभोळच्या खाडीकाठापासून पालगडच्या डोंगरापर्यंत गोठ्यागोठ्यांतून अशा ढवळ्या, तांबू, बांड्या आणि कपिला नांदत होत्या. एखादी बेड्याची आडवी काठी शिंगाने सरकवून परसात शिरण्यात तरबेज. एखादी सांजवेळी कळप सोडून थेट आपल्या अंगणात येऊन हंबरणारी. एखादी घरधनिणीची हाक ऐकल्याखेरीज पान्हा न सोडणारी. या आठवणी निव्वळ भावुकतेच्या नव्हेत. घरचा पुरुष मुंबईच्या गिरणीत राबे, महिन्याकाठी मनिऑर्डर येई आणि शेत व गोठा बाईच्या हाती असे. गाय जिचा आवाज ओळखे, तीच त्या शेतीची खरी व्यवस्थापक होती. सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल, पण गायीला ते पक्के ठाऊक होते.

या गायीचे अर्थशास्त्र मात्र वादाचे ठरले. गोपालनाच्या रूढीला आर्थिक आधार आहे, असे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ मध्ये मांडले. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांना ते मान्य नव्हते. चाऱ्याच्या मानाने गुरे फार झाली आहेत, हा त्यांचा मुद्दा. आणि तो सहजी उडवून लावता येण्याजोगा नाही. केवळ दुधाच्या मापाने मोजली तर कोकणची गाय हरतेच. परंतु मुसळधार पावसात टिकणारी, कातळावर आणि उतारावर चरून पोट भरणारी, भातखाचराला शेणखत आणि नांगराला बैल पुरवणारी ही गाय एका रकान्यात मावत नाही.

या गुरांची 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती २०१८ मध्ये. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटलेला, तर विदेशी व संकरित गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. कोकणात नांगराच्या बैलाची जागा पॉवर टिलरने घेतली, दूध पिशवीतून येऊ लागले, खाचरे पडीक राहिली. बैल नको झाला की अल्प दूध देणाऱ्या गायीचा आधार सुटतो. मग दावे सोडले जाते आणि कालची कपिला आज रस्त्यावर भटके जनावर ठरते.

तेव्हा नुसत्या नोंदीने भागणार नाही. ज्या रोगाने मोरी गेली, त्यावर आता लस आहे. २०१९ पासून तिच्यासाठी देशव्यापी कार्यक्रमही सुरू झाला. ही लस शेवटच्या वाडीपर्यंत वेळेवर पोहोचली पाहिजे. प्रोत्साहन लिटरवर न मोजता शेणखत, जातिवंत वासरू आणि डोंगरउतारावरील पालन यांवर मोजले पाहिजे. आणि ते गोठा सांभाळणाऱ्या बाईच्या नावे मिळाले पाहिजे. गायीला नावाने हाक मारणारे माणूस वाडीत उरले, तरच त्या नोंदीला अर्थ आहे. हाक मारणारेच उरले नाही, तर कोकण कपिला दप्तरात राहील आणि गोठा रिकामा होईल.