देवगिरीच्या हिशेबनिसाचा रागकोश

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेला लागलं की पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला दिसतो. लोक तोफा बघतात, अंधाऱ्या भुयारात चाचपडतात आणि परततात. हीच जुनी देवगिरी. इथे, यादव राजा सिंघण याच्या दरबारी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करत होता? तो श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा आणि हिशेबाचा प्रमुख होता! मला तर त्याच्या ग्रंथात पानोपानी खतावणी दिसते.

ग्रंथात एकूण अध्याय सात आणि राग २६४. त्यातल्या शुद्धसाधारित या रागाची नोंद पाहा. उगम षड्जमध्यमा जातीतून. ग्रह (सुरुवातीचा स्वर) आणि अंश (मुख्य स्वर) तार षड्ज, न्यास (शेवटचा स्वर) मध्यमावर, निषाद-गंधार अल्प. मग मूर्च्छना, अलंकार, देवता सूर्य, रस वीर आणि रौद्र, वेळ दिवसाचा पहिला प्रहर. नाटकात तो गर्भसंधीला, म्हणजे कथानकाच्या मधल्या टप्प्यावर गायचा, हेसुद्धा सांगितलंय. पुढच्या ग्रामरागाकडे वळलात तरी रकाने जवळपास हेच. वृत्त सांभाळताना एखादी गोष्ट मागेपुढे होते, कारण हे सगळं श्लोकांत आहे. पण काय शोधायचं हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

प्रोग्रामर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. लायब्ररीचं चांगलं डॉक्युमेंटेशन असंच असतं: फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कुठे एरर येते. पाचशेवं फंक्शनही पहिल्यासारखंच मांडलेलं. त्यामुळे दोन नोंदी शेजारी ठेवून ताडता येतात आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर लगेच डोळ्यांत भरतो.

शार्ङ्गदेव खुणाही आधी ठरवून देतो. स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, उभी रेघ म्हणजे तार. आज भातखंडे पद्धतीत वाढलेला विद्यार्थी डोक्यावरचं टिंब बघून बेधडक तार सप्तकात जाईल! खूण कुठली निवडली याला तसं महत्त्व नाही. ती एकदा सांगायची आणि मग शेवटपर्यंत पाळायची, एवढंच.

मला सर्वांत थक्क करते ती त्याची एक विभागणी. देशी रागांचे तो दोन गट पाडतो: पूर्वी प्रसिद्ध असलेले ३४ आणि सध्या प्रसिद्ध असलेले ५२. जुनं फंक्शन एकदम न काढता त्यावर ‘डेप्रिकेटेड’ असा शेरा मारतात ना, तसलाच हा प्रकार, पण आठशे वर्षांपूर्वीचा. जुने राग त्याने गाळले असते तर त्यांच्याबद्दल लिहिलेलं आधीचं सगळं वाङ्मय वाचकाला अधांतरी वाटलं असतं.

अर्थात इतक्या शिस्तीनंतरही त्याचे राग आज जसेच्या तसे गाता येत नाहीत. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरं, त्याने मोजून दिली, पण ती नेमकी कुठे धरायची यावर अभ्यासक अजून भांडतात. आणि गाणं तर केव्हाच पुढे सरकलं होतं. पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथाने या ग्रंथावर ‘कलानिधी’ ही टीका लिहिली. तोवर ग्रंथातलं लक्षण आणि गवयांच्या तोंडचा राग यांत अंतर पडलं होतं. त्याने शार्ङ्गदेवाचे श्लोक तसेच ठेवले आणि बदललेला व्यवहार टीकेत मांडला.