डोक्याचीही मशागत करा



बेणे, लागण, खोडवा यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तो वावराच्या मालकाचाच आहे. शिवारफेरीत वयस्क सभासद म्हणतात, "साहेब, आताशा काही ध्यानातच राहत नाही." चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे आहे. परंतु रोजची वाट चुकू लागली, दिलेघेतलेले पैसे पुन्हा पुन्हा विचारले जाऊ लागले, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निघाला. असा माणूस घरात असला की सातबारा, कर्ज, पाणीपाळी सारेच अडते. घरच्यांचे, विशेषतः बायाबापड्यांचे हाल निराळेच.

त्यावर उपाय आहे का? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ साली आवरता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सारी आवरली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू वा लांबू शकेल, असे त्यांचे म्हणणे आहे. उसाला खताचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला द्यावा लागतो. तोडणीच्या तोंडावर टाकलेले पोते वाया जाते. मेंदूची मोठी बांधणी म्हणजे चाळिशी-पन्नाशी.

पहिले काम रक्तदाब व साखर तपासण्याचे. दुखत नाही म्हणजे दाब नाही, असे नसते. लोणचे, पापड, ठेचा धरून मीठ दिवसाला चमचाभराच्या आत ठेवावे. बरे वाटते म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नयेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली तर तो लकवा समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून मालिशवाल्याकडे न जाता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

दुसरे चालणे. परतवाड्याहून धारणीच्या वाटेवर सिपनेकाठी सेमाडोह लागते. तिकडचे कोरकू लोक वावरात, रानात पायी जाताना दिसतात. तिथली गरिबी, कुपोषण कोणाच्या वाट्यास येऊ नये. पण ती चाल घेण्यासारखी आहे. आपली फटफटी बांधापर्यंत जाते, मोटारपंप मोबाईलवर सुरू होतो. आठवड्यात निदान १५० मिनिटे झपझप चालावे. बांधावरून पायी फेरी मारली तर उसातली खोडकिडही वेळीच नजरेस पडते.

तिसरे कान आणि माणसे. ऐकू कमी आले की माणूस पारावर बसणे सोडतो आणि एकटा पडतो. चष्म्याची लाज नाही तर कानातल्या यंत्राची का असावी? गावातील सामुदायिक प्रार्थना, भजन, वाचनालय सोडू नये.

बिडी, खर्रा, दारू यांपासून दूर राहावे. फटफटीवर हेल्मेट घालावे, कारण डोक्याचा मारही त्या यादीत आहे. हवेतील धूरही आहे. म्हणून पाचट पेटवू नका, सरीतच कुजवा. जमिनीचेही भले होते. रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागले तर शेजाऱ्याशी पाळी लावून झोप भरून काढा.

विसराळूपणा वाढला तर "म्हातारा झाला, चालायचंच" म्हणून सोडू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो आणि उपचाराने तो कमी होऊ शकतो. गाळप सुरू झाले की कोणालाच फुरसत नसते. त्याआधी घरातील चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा दाब व साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी, ही विनंती.