नाव किती मोठी हवी?

अमेरिकेत बास माशाची हौशी शिकार करणारे बऱ्याचदा नावेत उभे राहून गळ टाकतात. नाव घेताना चर्चा होते ती लांबीची. आम्हाला रुंदी महत्त्वाची वाटते. आकारामुळे नावेच्या कलंडण्याला होणारा विरोध लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात! रुंदी ५ फुटांऐवजी ६ फूट घेतली, की तो सुमारे पावणेदोनपट होतो. लांबी कामी येते ती मोठ्या जलाशयातील लाटांवर.

माणसे किती? २० फुटांहून लहान नावेसाठी तिकडचा ढोबळ नियम असा: लांबी गुणिले रुंदी (फुटांत) भागिले १५. म्हणजे १६ × ६ फुटी नावेत सहाजण, तेही हवा शांत असताना. सहाही एका कडेला धावले तर हा नियम वाचवणार नाही.

वर्गात सारख्या लांबी-जाडीचे, पण कमी-अधिक रुंदीचे थर्मोकोलचे दोन तुकडे पाण्यावर सोडून लांब कडेवर एकेक नाणे ठेवून पाहावे.