समुद्राच्या शोधात

ऑस्ट्रेलिया हा चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेला देश. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहूनही अधिक आहे. परंतु तेथील लोकसंख्या तीन कोटींच्या आतच असून बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत आहे. मध्यभागीचा विस्तीर्ण प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य आहे. कारण तेथे पाणी नाही. निदान वरून पाहणाऱ्यास ते दिसत नाही.

१८४४ साली चार्ल्स स्टर्ट हा संशोधक दक्षिण किनाऱ्यावरील अ‍ॅडिलेडहून या अज्ञात प्रदेशाकडे निघाला. बरोबर माणसे, घोडे, बैल, दोनशे मेंढ्या आणि एक होडी होती. वाळवंटात होडी कशाला, असे कोणालाही वाटेल. पण त्यामागे विचार होता. पूर्वेकडील पर्वतरांगांतून निघालेल्या कित्येक नद्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून खंडाच्या आत वाहतात. त्यांतील मरे नदी वळून दक्षिण समुद्रास मिळते, हे स्टर्टने १८३० साली स्वतः पाहिले होते. मग उरलेल्या नद्यांचे पाणी जाते कोठे? खंडाच्या मध्यभागी मोठा समुद्रच असला पाहिजे, असा त्याचा तर्क होता.

पुढे ऊन इतके वाढले, की सभोवतालचे सारे पाणी आटले. एका ओढ्यातील पाण्याच्या आधाराने ही मंडळी जवळजवळ सहा महिने अडकून पडली. लिहावयास घेतलेल्या टाकावरील शाई क्षणात वाळे. ताजी फळे-भाजी नसल्यामुळे स्कर्व्ही रोगाने स्टर्टचा एक सहकारी दगावला. अखेर १८४५ च्या जुलैत पाऊस आला आणि वाट मोकळी झाली. परंतु पुढे समुद्राच्या लाटांऐवजी तांबड्या वाळूच्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा लागल्या. स्टर्ट माघारी फिरला. होडी रानातच राहिली.

हा प्रदेश इतका कोरडा का? विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा मकरवृत्ताच्या आसपास पुन्हा खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते, त्यामुळे ढग बनत नाहीत. आणि मकरवृत्त तर या देशाच्या मध्यातूनच जाते. पूर्वेचे बाष्पयुक्त वारे आपला बराच पाऊस किनाऱ्याजवळच्या पर्वतांवरच पाडून टाकतात. आत वारे अडविण्याजोगे उंच पर्वत नाहीत. सबंध देशातील सर्वांत उंच शिखर, कोझियस्को, अवघे २,२२८ मीटर आहे.

तथापि स्टर्टचा तर्क अगदीच खोटा नव्हता. आत वाहणाऱ्या काही नद्या एअर नावाच्या सरोवरास मिळतात. अराबाना हे तेथील मूळ रहिवासी त्यास ‘काटी थांडा’ म्हणतात; आज दोन्ही नावे एकत्र वापरतात. त्याचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खोल आहे. एरवी तेथे मिठाचा पांढरा, टणक थर पसरलेला असतो. १९६४ साली डोनाल्ड कॅम्पबेलने त्यावरून ताशी ६४८ किलोमीटर वेगाने मोटार पळविली. दहाच वर्षांनी, १९७४ मध्ये, दूरच्या पावसाने तेच सरोवर तुडुंब भरले! असे पाणी आले म्हणजे नद्यांबरोबर मासे येतात, शेकडो किलोमीटरांवरून पाणकोळ्यांचे थवे येऊन घरटी करतात आणि पुढे उन्हाने सारे आटून जाते.

आणखी एक समुद्र तर काळाच्या उदरात दडला आहे. सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशाच्या मोठ्या भागावर खरोखरच उथळ समुद्र होता. कूबर पेडी येथील ओपल रत्नांच्या खाणींत त्या समुद्रातील प्राण्यांचे अवशेष मिळतात. काही तर स्वतःच रत्न बनलेले. येथील उकाडा असा, की कित्येक लोकांनी जमिनीखाली खोदून घरे केली आहेत.

खरा साठा मात्र पायाखालीच आहे. पूर्वेच्या डोंगरांवरचे पाणी वालुकाश्मात मुरते आणि न पाझरणाऱ्या खडकांच्या थरांत कोंडून वर्षाला अवघे काही मीटर पुढे सरकते. देशाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भूमीखाली हे पाणी पसरले असून त्यातील काही दहा लाख वर्षांहूनही जुने आहे. पश्चिमेच्या कडेला ते झऱ्यांच्या रूपाने आपोआप वर येते. मूळ रहिवाशांना हे झरे हजारो वर्षे ठाऊक होते; त्यांच्या वाटा झऱ्यांवरूनच जात. १८७२ साली पुरी झालेली तारयंत्राची लांब तार आणि नंतरचा लोहमार्ग त्याच झऱ्यांच्या रांगेने गेला.

१८७८ साली पहिली विंधन विहीर खोदली गेली आणि पाणी दाबाने आपोआप उसळून वर आले. मग अशा हजारो विहिरी झाल्या. पण त्यांना तोटी बसविण्याचे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पाणी रात्रंदिवस उघड्या चरांतून वाहत राहिले आणि बहुतेक उन्हातच उडून गेले. भूगर्भातील दाब उतरला, कित्येक झरे आटले. १९९९ पासून सरकार व पशुपालक मिळून या विहिरींची तोंडे बंद करीत आहेत आणि चरांच्या जागी नळ टाकीत आहेत. काही ठिकाणी पाण्याचा दाब पुन्हा चढू लागला आहे.