तेलावाचून फिरणारा आस

आमच्या शाखेत कॅश काउंटरवरचा पंखा उन्हाळ्यात कुरकुरू लागला की शिपाईभाऊ स्टुलावर चढून त्यात तेल सोडतात. धातूवर धातू घासला की झीज होणारच, हे आपण गृहीत धरले आहे. परंतु तेलाचा थेंबच ज्या यंत्रापेक्षा हजारो पटींनी मोठा, त्याने काय करावे? मी कला शाखेचा पदवीधर, तरीही या प्रश्नाने मला पकडले. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी हा अल्पसा लेख.

२९ डिसेंबर १९५९ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात, १/६४ इंचाच्या घनात बसेल अशी विजेची मोटर करणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्यासाठी नवे तंत्र शोधावे लागेल, अशी त्यांची अपेक्षा. पण १९६० साली विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने चिमटा व सूक्ष्मदर्शक घेऊन ती हातानेच बनविली! बक्षीस गेले, नवे तंत्र मात्र आले नाही.

त्याहून लहान जायचे तर अडचण घर्षणाची. वस्तूची प्रत्येक बाजू दहापट लहान केली की तिचे आकारमान हजारपट घटते, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणजे वजन नगण्य होते आणि पृष्ठभागाचे चिकटणे व घासणे वरचढ ठरते. सिलिकॉनच्या सूक्ष्म मोटरींना हीच झीज भोवली.

१९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एका नळीत दुसरी, तिच्यात तिसरी, अशी त्यांची रचना; दोन भिंतींमधील अंतर केवळ ०.३४ नॅनोमीटर. (आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.) गंमत अशी की प्रत्येक भिंतीतील अणू आपसांत घट्ट बांधलेले, पण शेजारच्या भिंतीशी त्यांचा बंध अगदी दुबळा. भिंती गुळगुळीत, अणूंच्या रांगाही सहसा एकमेकींत अडकत नाहीत. म्हणजे बेअरिंग निसर्गानेच तयार करून दिलेले!

बर्कली येथील जॉन कमिंग्ज व अॅलेक्स झेटल यांनी २००० साली हे करूनच पाहिले. बाहेरच्या नळीचे टोक उघडून त्यांनी आतली नळी दुर्बिणीच्या नळकांड्यासारखी ओढली. सोडताच ती आपोआप आत परतली. पुनःपुन्हा ओढूनही झीज दिसली नाही.

२००३ मध्ये झेटल यांच्या गटाने मोटर सादर केली. सिलिकॉनच्या तुकड्यावर पसरलेली नळी म्हणजे आस, तिच्या मध्यावर सोन्याचे पाते, भोवती विद्युतदाबाचे खांब. खालचा थर आम्लाने विरघळवून पाते मोकळे केले. आरंभी पाते थोडे वळून स्प्रिंगसारखे मागे येई, कारण नळी दोन्ही टोकांना आवळलेली. मग जास्त दाब देऊन बाहेरच्या भिंती मुद्दाम पिळून तोडल्या! आतल्या भिंती आस म्हणून राहिल्या आणि पाते पूर्ण फिरू लागले. हजारो फेऱ्यांनंतरही बिघाड आढळला नाही. सारे यंत्र केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून लहान.

मात्र नळ्या पृष्ठभागावर वाटेल तशा पडत. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली नळी हुडकायची आणि तिच्याभोवती मोटर बांधायची, म्हणजे पुन्हा मॅक्लेलनचेच हातकाम. प्रत्येक नळीच्या भिंती कमीजास्त, त्यामुळे दोन मोटरी तंतोतंत सारख्या निघत नाहीत. नळी हव्या त्या जागी, हव्या तेवढ्या भिंतींची, लाखोंच्या संख्येने कशी बसवावी, हे कोडे त्या मोटरीने सोडविले नव्हते.