कागद चुकला तर कर्ज बुडत नाही, जादा व्याज मात्र परत मिळू शकतं

मंजुरीपत्रावर व्याजदर 10.25 टक्के आणि सहीच्या करारनाम्यात 10.75 टक्के. भोसरी किंवा तळवड्यातल्या जॉबवर्कवाल्याने व्हीएमसी मशिनसाठी काढलेल्या कर्जात असा फरक सापडला, की चहाच्या टपरीवर दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, ‘‘कागदच चुकलाय, हप्ता बंद कर. बँकेला काही करता येणार नाही.’’ दुसरा म्हणतो, ‘‘सही केलीस ना? मग विषय संपला.’’ पहिला सल्ला माणसाला थकबाकीदार करतो आणि दुसरा त्याला हक्काच्या पैशावर पाणी सोडायला लावतो.

आधी रक्कम पाहू. 15 लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी असेल, तर 10.25 टक्क्यांनी हप्ता सुमारे 32,055 रुपये येतो आणि 10.75 टक्क्यांनी 32,427. महिन्याला 370 रुपयांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पाच वर्षांत तो 22 हजारांच्या वर जातो. लहान वर्कशॉपमध्ये एवढ्या पैशात एका कामगाराचा पगार निघतो. म्हणून अर्ध्या टक्क्याचा वाद क्षुल्लक समजू नये.

गैरसमज पहिला: कागदात चूक असेल तर करारच रद्द होतो.

होत नाही. नाव चुकीचं छापलं गेलं, पत्त्यात गट नंबर राहिला, आकडा एका पानावर वेगळा पडला, एवढ्याने घेतलेलं कर्ज नाहीसं होत नाही. दोन्ही बाजूंच्या सामाईक चुकीमुळे किंवा फसवणुकीमुळे कागदावर वेगळंच उतरलं असेल, तर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 26 नुसार न्यायालय तो कागद मूळ हेतूप्रमाणे दुरुस्त करू शकतं. म्हणजे कायद्याचा भर दुरुस्तीवर आहे. मुद्रांक शुल्क कमी भरलेल्या कागदाचंही तसंच: उरलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही, पण तेवढ्याने तुमचं देणं संपत नाही. ‘स्टॅम्प कमी आहे, कर्ज बाद’ असं सांगून फी घेणाऱ्या सल्लागारापासून लांब राहा.

ठरलेला दर कोणता, हे सिद्ध कसं करायचं, हा खरा प्रश्न. इथे नवीन कर्जदाराच्या हातात आता एक भक्कम कागद आहे. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे केएफएस देणं बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, त्यामुळे मराठीत मागायला संकोच नको. त्यात नुसता व्याजदर नसतो, तर प्रोसेसिंग फी, विमा, कायदेशीर तपासणीचा खर्च असं सगळं धरून निघणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, असतो. हाच तपशील करारनाम्यातही चौकटीत द्यावा लागतो. त्यामुळे दोन्हींत फरक पडला तर तो समोरासमोर दिसतो. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. ‘आत्ता सही करा, ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे’ ही घाई नियमात बसत नाही.

गैरसमज दुसरा: सही झाली, आता काही बोलता येत नाही.

हा जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकून माणूस स्टेटमेंट मागायचंच सोडून देतो. सहीने तुम्ही ठरलेला दर मान्य करता. त्या दराची आकारणी चुकीच्या दिवसापासून किंवा चुकीच्या रकमेवर करायची परवानगी सहीने मिळत नाही. 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तपासणीत सापडलेल्या गोष्टी एकेक करून लिहिल्या आहेत. काही ठिकाणी व्याज पैसे दिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर मंजुरीच्या किंवा करारावर सही झाल्याच्या दिवसापासून लावलं जात होतं. चेकवर आधीची तारीख आणि चेक हातात मात्र कित्येक दिवसांनी. महिन्याच्या मध्यात कर्ज दिलं किंवा फिटलं, तरी व्याज अख्ख्या महिन्याचं. एकदोन हप्ते आगाऊ कापून घ्यायचे, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. हे सगळं गैर असल्याचं सांगून रिझर्व्ह बँकेने जादा घेतलेलं व्याज परत करायला लावलं.

आपल्या पट्ट्यात हे तपासायला फार जागा आहे. मशिनचं कर्ज मंजूर होतं, पण मशिन यायला वेळ लागतो आणि पुरवठादाराला पैसे नंतर जातात. मधल्या 12 दिवसांचं व्याज लागलं, तर 15 लाखांवर 10.75 टक्क्यांनी ते सुमारे 5,300 रुपये होतं. टेम्पो, पिकअप, फोर्कलिफ्ट यांच्या फायनान्समध्ये आगाऊ हप्ता घेतला असेल, तर तोही तपासा. लागतं काय? खात्याचा उतारा, पुरवठादाराच्या खात्यात पैसे आल्याची तारीख आणि हप्त्यांचं वेळापत्रक. तीन कागद शेजारी ठेवले की पहिल्याच महिन्यात चूक दिसते.

कोऱ्या प्रॉमिसरी नोटवर सही मात्र गंभीर बाब आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 20 नुसार नियमाप्रमाणे स्टॅम्प केलेला कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद सही करून दिला, की तो भरण्याचा अधिकार दिल्यासारखं धरलं जातं. ‘मी भरलंच नव्हतं’ एवढ्यावर सुटका होत नाही. म्हणून आकडा आणि दर लिहिल्याशिवाय सही करू नका आणि सगळ्या पानांची प्रत त्याच दिवशी घ्या.

गैरसमज तिसरा: 9 टक्के म्हणजे 9 टक्के.

फ्लॅट दर आणि घटत्या शिलकीवरचा दर एक नाही. 10 लाखांवर पाच वर्षांसाठी 9 टक्के फ्लॅट लावला, तर व्याज साडेचार लाख आणि हप्ता सुमारे 24,167 रुपये येतो. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर सुमारे 15.7 टक्के पडतो. शोरूममधला माणूस फ्लॅट दर सांगतो आणि कागदावर घटत्या शिलकीचा आकडा दिसतो, तेव्हा कर्जदाराला वाटतं की दर वाढवला. बऱ्याचदा वाढवलेला नसतो, तोंडी सांगताना अर्धंच सांगितलेलं असतं. तक्रार करण्याआधी हे पाहून घ्या, नाहीतर खरी चूक असलेला मुद्दाही हलका पडतो.

गैरसमज चौथा: रेपो उतरला की माझा दर त्याच दिवशी तेवढाच उतरायला हवा.

2025 मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला, तेव्हा ही तक्रार सगळीकडे ऐकू आली. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली तरत्या दराची किरकोळ कर्जं आणि सूक्ष्म-लघू उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाह्य निर्देशकाशी जोडलेली असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. जुनं कर्ज बँकेच्या स्वतःच्या निर्देशकावर, म्हणजे एमसीएलआरवर असेल किंवा कर्ज वित्त कंपनीचं असेल, तर हा नियम तसाच लागू होत नाही. तुमचा निर्देशक कोणता आणि पुढची रिसेट तारीख कोणती, हे दोन प्रश्न बँकेला लेखी विचारा.

गैरसमज पाचवा: बँकेच्या व्याजाला न्यायालय हात लावू शकत नाही.

याला मूळ आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21अ नुसार, केवळ दर जास्त आहे म्हणून न्यायालय बँकेचा व्यवहार पुन्हा उघडत नाही. पण सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की बँका रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांना बांधील आहेत. म्हणून ‘दर फार आहे’ असं म्हणू नका. ‘ठरलेल्या दरापेक्षा किंवा नियमापेक्षा इतके रुपये जास्त घेतले’ असं म्हणा.

आता हप्ता थांबवण्याबद्दल. 90 दिवस थकलं की खातं एनपीए होतं. तारण असलेल्या कर्जात मग सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीवर हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली, तर 45 दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मार्ग आहे, पण तो महाग आहे आणि तोवर चाकणच्या कंपनीची ऑर्डर दुसऱ्याकडे गेलेली असते. माझं ठाम मत आहे: हप्ता भरत राहा आणि ‘वाद राखून भरत आहे’ असं लेखी कळवा.

तक्रार आधी बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे, पोच घेऊन. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ‘सीएमएस’ पोर्टलवर, विनाशुल्क. आधी कोर्टात गेलात, तर त्याच मुद्द्यावर लोकपालाचं दार बंद होतं. पतसंस्था लोकपाल योजनेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार खात्याचे निबंधक.

ग्राहक आयोगाबाबत सावध राहा. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीएनसी मशिनची खरेदी व्यापारी कामासाठीची ठरवली आणि घेणाऱ्याला ग्राहक मानलं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. एकट्याने लेथ चालवणारा तिचा आधार घेऊ शकतो, 20 माणसं कामाला असलेल्याला ते कठीण जाईल.

पिंपरीत आणखी एक समज पसरला, तो सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 10 ऑक्टोबर 2022 रोजी रद्द केल्यावर: बँक गेली, कर्जही गेलं. बँक अवसायनात निघते तेव्हा कर्जं हे तिचं येणं असतं. ते वसूल करून ठेवीदारांची देणी भागवणं हे अवसायकाचं काम. व्याजाच्या आकारणीत चूक असेल, तर ती अवसायकाकडेच मांडावी लागते.

चाकण, खेड परिसरात ‘शेकडा पाच’ने खासगी पैसा फिरतो, म्हणजे वर्षाला 60 टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकारालाही दराची मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. सावकाराने व्याजापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती जमीन परत देण्याचा आदेशही देऊ शकतो. अशा प्रकरणात हातउसन्याची चिठ्ठी, फोनवरचे संदेश, यूपीआयच्या नोंदी, काहीही पुसून टाकू नका.