औषध कारखान्यातील संगणकाचीही पारख हवी

कापडाच्या व्यापारात आम्ही मालाची पारख हाताने करतो. गाठ फोडतो, दोन-चार ताके उलगडतो, पोत आणि रंग पाहतो. औषधाच्या गोळीत गिऱ्हाइकाला असे काही पाहता येत नाही. पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिले आहे, म्हणजे आत तेवढेच असेल, या भरवशावर तो गोळी गिळतो. पूर्वी हा भरवसा कामगाराच्या हातावर आणि वहीवर होता. आता मोठ्या कारखान्यांत कच्च्या मालाचे वजन, मिश्रण फिरवण्याची वेळ, तापमान आणि प्रत्येक बॅचची नोंद सॉफ्टवेअर सांभाळते. मग त्या सॉफ्टवेअरची पारख कोणी करायची?

या पारखीलाच व्हॅलिडेशन म्हणतात. संगणक नेमून दिलेले काम दरवेळी बरोबर करतो, हे लेखी पुराव्याने सिद्ध करणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. दुकानातील मीटरपट्टी कितीही चांगली असो, वजनमापे खात्याचा शिक्का असल्याशिवाय ती चालत नाही. तसाच हा प्रकार आहे.

आधी कारखान्याला काय हवे ते कागदावर लिहावे लागते. नंतर सॉफ्टवेअर नीट बसवले आहे का, प्रत्येक भाग सांगितल्याप्रमाणे चालतो का आणि रोजच्या उत्पादनात टिकतो का, अशा तीन टप्प्यांत तपासणी होते. यात मुद्दाम चुका करून पाहतात. मुदत संपलेल्या मालाचे लेबल स्कॅन करायचे, वजन मर्यादेपेक्षा जास्त टाकायचे, चुकीचा पासवर्ड द्यायचा, मध्येच वीज बंद करायची. अशा वेळी यंत्रणा अडवते का आणि नोंद शाबूत राहते का, हे पाहायचे. पुढे सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला, तर त्याचा परिणाम जिथे होईल तेवढा भाग पुन्हा तपासावा लागतो.

अमेरिकेचा यासंबंधीचा ‘पार्ट ११’ हा नियम २० ऑगस्ट १९९७ पासून लागू झाला. नोंद कोणी, केव्हा बदलली याचा माग संगणकात राहिला पाहिजे, असे तो सांगतो. अमेरिकी तपासनीसांच्या इशारापत्रांत काही दोष वारंवार दिसतात : सर्वांचा एकच पासवर्ड, पुसता येणाऱ्या फाइली, बंद ठेवलेला माग. नोंदींवरचा विश्वास उडाला की माल चांगला असूनही विकत नाही. मे २०१३ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादजवळील वाळूज येथील वोक्हार्टच्या कारखान्यातील मालावर अमेरिकेने आयातबंदी घातली. त्याच महिन्यात रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. नोंदींचा खरेपणा हा त्या प्रकरणातील एक मुख्य मुद्दा होता.

हा विषय फक्त निर्यातदारांचा राहिलेला नाही. भारत सरकारने सुधारित ‘शेड्यूल एम’ लागू केले असून त्यात यंत्रसामग्रीचे व्हॅलिडेशन आणि संगणकीय यंत्रणा यांचा समावेश आहे. २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान-मध्यम कारखान्यांपैकी ज्यांनी अर्ज केला, त्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती.

छोट्या कारखानदाराला खर्चाची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. पण प्रत्येक संगणकाला सारखीच तपासणी लागत नाही. ‘गॅम्प’ ही जगभर मान्य असलेली मार्गदर्शिका सांगते की तपासणी धोक्याच्या प्रमाणात करावी. बाजारातून जसेच्या तसे घेतलेले सॉफ्टवेअर असेल तर काम कमी, स्वतःसाठी खास बनवून घेतले असेल तर जास्त. मात्र एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बॅचचा हिशेब ज्या एक्सेल तक्त्यावर होतो, तोही तपासावा लागतो. एका चुकीच्या सूत्राने गोळीतील औषधाचे प्रमाण बदलू शकते.

आपल्या तरुणांनीही इकडे लक्ष द्यावे. फार्मसी शिकलेल्याने थोडा संगणक आणि संगणक शिकलेल्याने थोडे औषधनिर्माण समजून घेतले, तर या क्षेत्रात काम मिळू शकते. त्यासाठी इंग्रजीत स्वच्छ, नेमके लिहिता आले पाहिजे, कारण निम्मे काम कागदपत्रांचेच आहे.

कापड खराब निघाले तर आम्ही ताका परत घेतो, पैसे देतो आणि व्यवहार मिटतो. पोटात गेलेली गोळी परत घेता येत नाही. म्हणून कारखानदाराने हा खर्च दंडात न धरता मालाच्या किमतीत धरावा.